२०१४चा डेस्कटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो. ऐरोलीत दुरुस्त करून घ्यावा की नवा घ्यावा?

नवा घेऊ नये. हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी वेगवान डिस्क) बसवून रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ४ची ८ जीबी केली, तर घरगुती कामांना हाच डेस्कटॉप आणखी काही वर्षे पुरेल. नवी मुंबईत मी हेच काम करतो, आणि संथपणाचे मूळ बहुधा प्रोसेसरमध्ये नसून फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये सापडते. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो, तो खोडरबराने हलकेच पुसावा. घड्याळ सारखे चुकत असेल, तर मदरबोर्डवरील (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरील) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेलही बदलावा (हे स्वस्तातले काम हमखास विसरले जाते). मात्र एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे बँकेचे व्यवहार करायचे असल्यास त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून घ्यावी.