मराठवाड्यात आयपीएलसाठी सरकारी पैशातून स्टेडियम बांधावं का?

तुमचं म्हणणं असं की मुंबई, पुणे, नागपूरला आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे, मराठवाड्यालाच नाही, तर सरकारनं संभाजीनगर नाहीतर लातूरला एक मोठं बांधून द्यावं, म्हणजे आयपीएलच्या मॅच इकडं होतील, हॉटेलं चालतील, पोरांच्या हाताला काम मिळेल. अनुशेषाचा, म्हणजे मराठवाड्याच्या राहून गेलेल्या विकासाचा मुद्दा काढलात म्हणून मलाही आधी हो म्हणावं वाटलं, कारण अनुशेष म्हणलं की आमच्याकडं कुणाचंही रक्त तापतं. २०२० ला क्रीडा विद्यापीठाचं आठवतंय ना, संभाजीनगरजवळ करोडीला होणार होणार म्हणले आणि गेलं पुण्याच्या बालेवाडीला. तरी माझं उत्तर नाही असंच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. तिकडची स्टेडियमं सरकारनं बांधून दिलेली नाहीत. वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशननं बांधलं, ते पण मुंबईतल्याच जुन्या ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्या क्लबासोबत तिकिटांवरून वाजलं म्हणून, आणि १९७५ ला तिथं पहिली टेस्ट झाली. नागपूरजवळ जामठ्याचं विदर्भ असोसिएशनचं आणि पुण्याजवळ गहुंज्याचं महाराष्ट्र असोसिएशनचं. गहुंज्याला तर सहारा कंपनीचं नाव लागलं होतं, पैशावरून बिनसलं आणि नाव उतरलं.

पण म्हणून सरकारचा पैसा यात नाही असं समजू नका, आपल्याकडं तो चेकनं जात नाही, मागच्या दारानं जातो. वानखेडेखालची जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर दिलेली. मॅचला जो पोलीस बंदोबस्त लागतो त्याची फी राज्य सरकारनं २०२३ ला कमी केली आणि तीही २०११ पासून मागच्या तारखेनं, त्यावर हायकोर्टात याचिका पण झाली. ज्या लीगचे टीव्ही आणि मोबाईलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले तिच्या बंदोबस्ताच्या बिलात सूट, आणि आमच्या गावात बिल थकलं की रस्त्यावरचे दिवे बंद, उगं बोलायलाच नको.

अमेरिकेत हाच कारभार उघड्यावर चालतो. बफेलोच्या नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी राज्य आणि काउंटी (तिथला जिल्हा) मिळून ८५ कोटी डॉलर जनतेचे. सिएटलचं किंगडोम स्टेडियम तर २००० साली पाडून टाकलं आणि त्याचं कर्ज लोक २०१५ पर्यंत फेडत होते, म्हणजे म्हैस मेली तरी हप्ता चालूच. तिथले अर्थशास्त्रवाले बहुतेक सगळे हेच सांगतात की स्टेडियममुळं गावात नवा पैसा फारसा येत नाही, होता तोच फिरतो. ते पटतं पण, लातूरचा माणूस मॅचला दोन हजार घालवणार असेल तर तेच दोन हजार तो एरवी औसा रोडच्या हॉटेलात नाहीतर दुकानात घालवणारच होता की. आणि एका टीमच्या घरच्या मॅच सीझनला सात, त्यातल्या बाहेरच्या गावाला मिळाल्या तर दोन-तीन. राजस्थानवाले २०२५ ला गुवाहाटीला दोनच खेळले. बाकीचे दिवस ती इमारत नुसती उभी राहणार, आणि तिचं गवत?

गवतावरून २०१६ आठवलं. तेव्हा मी लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होतो. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिकडं हायकोर्टात खेळपट्ट्यांना ६० लाख लिटर पाणी लागणार अशी चर्चा, म्हणजे आमच्या पहिल्या रेल्वेसारख्या बारा रेल्वे. शेवटी १ मेची पुण्याची एक सोडून ३० एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर गेल्या. खरं सांगू का, त्यानं आमच्या नळाला एक थेंब जास्त आला नाही, मुंबईचं पाणी काय लातूरला येत नसतं. पण मैदान लातूरमध्येच असतं तर? मे महिन्यात टँकर गल्लीत जाणार की पिचवर, हे तेव्हा कुणी ठरवलं असतं, मला तर त्या भांडणाचाच विचार करवत नाही.

आता आमच्या तालुक्याचं सांगतो, नाव घेत नाही. इथं क्रीडा संकुल आहे. सिमेंटच्या पायऱ्या आहेत, कमान आहे, कोनशिला तर आहेच. नाही काय तर पाणी, लाईट आणि राखायला पगारी माणूस. पावसाळ्यात कमरेएवढं गाजरगवत, उन्हाळ्यात पुढाऱ्यांच्या सभा, अधूनमधून कुणाचं तरी लग्न, आणि मांडवाचे खड्डे कुणी बुजवत नाही. गेटला कुलूप आणि चावी नेमकी कुणाकडं हे रोज शोधायचं. आम्ही कंपाउंडवरून उड्या मारून जायचो, मग एक दिवस हाकललं, मग सोळाशे मीटरची तयारी आम्ही हायवेवर पहाटे पाचला केली. मागं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आमच्यातल्या एकाला घासून गेली, त्याच्या पायात अजून रॉड आहे. तो चांगला पळायचा, माझ्यापेक्षा तर लईच. मी दोनदा नापास होऊन आता ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलंय, भरती निघाली की पोरांची रांग दारापुढं आणि पहिला प्रश्न हाच असतो, दादा पळायला कुठं जाता येईल.

पैसा नसतो असंही नाही. संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटींच्या वर रक्कम वळवल्याचा गुन्हा २०२४ च्या डिसेंबरात दाखल झाला, आरोप कुणावर तर १३ हजार पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर. बीएमडब्ल्यू घेतल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बरं, स्टेडियम मागताना त्याचा हिशोब कोण बघणार हे कुणी विचारतच नाही.

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आर्मीत गेला आणि खरा खेळाडू तिथं घडला, मग २०२३ ला एशियन गेम्समध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं गोल्ड आणलं. सारिका काळे धाराशिवची, खो-खोत अर्जुन पुरस्कार. खो-खोचं मैदान किती लागतं, २७ बाय १६ मीटर, आणि तेवढी जागा तर आमच्या संकुलात गाजरगवतानंच खाल्लीय. म्हणून सरकारचा रुपया घालायचाच तर मुरमाच्या ट्रॅकवर घाला, एक बोअर, चार दिवे, एक माणूस पगारावर, आणि चावी गेटजवळच्या टपरीवर. यात उद्घाटनाचा मोठा फोटो निघत नाही, हीच त्यातली अडचण आहे.

असोसिएशनला इकडं स्टेडियम बांधायचं असेल तर खुशाल बांधू द्या, माझी हरकत नाही. बाजारभावानं जमीन घ्या, बंदोबस्ताची पूर्ण फी भरा, पाणी सांडपाणी शुद्ध करून वापरा. सगळ्यात आधी मीच तिकीट काढीन.

तोवर मॅच बघायचीच असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जा. परतीचं आधीच ठरवून ठेवा पण, मी एकदा गेलो होतो, मॅच सुटल्यावर गहुंज्याला रिक्षा मिळेना आणि शेवटी एका टेम्पोत मागं बसून वाकडपर्यंत आलो.