जयजयकार कशासाठी? – सानूला पत्र

प्रिय सानू,

शिवजयंतीला आपण मिलानमधली मराठी मंडळी जमलो, तेव्हा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ऐकून तू विचारलंस, "बाबा, आपण इतकं ओरडतो का? कुणावर चिडलोय का?"

चिडून नव्हे, बाळा. ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे लष्करातल्या मराठा पायदळाची ललकारी आहे, आणि ती तुझ्या इटलीतही घुमलेली आहे. फाएन्झाजवळून सेनियो नावाची नदी वाहते. पात्र जेमतेम पाच मीटर, पण दोन्ही काठांना नऊ-दहा मीटर उंच, अगदी उभे मातीचे बांध. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी जर्मन सैनिक त्या बांधांमध्ये खंदक खणून, सुरुंग पेरून बसले होते. त्यांच्यावर चाल करून गेलेल्या या मराठा पायदळात नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव होते. वय २३, काम कंपनीचे निरोप पोचवण्याचं.

पाणी ओलांडताच मशीनगन सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोघे जवान जखमी झाले, सोबतचे बाकीचे मारले गेले. नामदेवांनी एका जखमीला उचललं, छातीएवढ्या पाण्यातून, सुरुंगांमधून वाट काढत बांधावर चढवलं. मग दुसऱ्यासाठी परत गेले. मला विचारशील तर खरं शौर्य हेच. एकदा सुखरूप बाहेर पडल्यावर पुन्हा त्याच आगीत जायचं!

त्यानंतर ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यांवर धावून गेले. हाताला गोळी लागली, टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. तीन ठाणी गप्प केली. वर तोफगोळे पडतच होते, तरी ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची ललकारी दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

म्हणून सांगतो, ही आरोळी जितकी शत्रूसाठी असते, तितकीच मागून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी. पुढचा एक 'बोल' म्हणतो आणि 'जय' सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. तोंड बंद ठेवून उभं राहिलं, तर त्याला साथ कोण देणार?

नामदेवांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते जगले, मायदेशी परतले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

राज्य इंग्रजांचं असताना आपली माणसं त्यांच्या फौजेत का लढली, हे तू विचारणारच. ते मलाही सलतं. त्यावर सेनियोच्या काठावर बसून बोलू. उन्हाळ्यात जाऊ या.

तुझा,
बाबा