साड्यांखाली लपवलेलं पुस्तक

"मावशी, माझी मुलगी नववीत आहे. तिच्या दप्तरात लायब्ररीची कादंबरी सापडली, त्यात बारा वर्षांच्या मुलीला तिचा मामेभाऊच नको तिथे हात लावतो. मी पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं, तर दोन दिवस झाले ती माझ्याशी बोलत नाहीये. पोरांसाठी असलं लिहायचंच कशाला? – एक आई, रामबाग, इंदूर"

अगं, आधी ते पुस्तक बाहेर काढ.

तुझी भीती कळते मला, पण एक सांगते. मी बारा-तेराची असताना आमच्या वाड्यात ओळखीतले एक काका यायचे, पोरींना ओढून मांडीवर बसवायचे. त्यांच्या चपला दाराशी दिसल्या की आम्ही बहिणी मागच्या जिन्याने गच्चीवर पळायचो आणि आजी खालून ओरडायची की पाहुण्याला पाणी द्यायला घरात एक पोरगी नाही म्हणून. सांगायचं होतं गं, पण सांगणार काय? शब्दच नव्हता, घाण वाटतं एवढंच कळायचं, आणि प्रत्येकीला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. तेव्हा असं एखादं पुस्तक हाती पडलं असतं तर निदान हे फक्त आपल्यासोबत होत नाहीये एवढं तरी कळलं असतं.

आणि "आपल्याकडे असं नसतं" हे तर म्हणूच नकोस. केंद्राच्या महिला-बालविकास खात्याने १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांना विचारलं होतं, २००७ साली त्याचा अहवाल आला, त्यात ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, मुलगेही त्यात होतेच. छळणारे निम्मे तर ओळखीतले किंवा भरवशाचे, आणि बहुतेक पोरांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पुस्तक लपवून तू पण तिला नकळत तेच शिकवतेयस ना, की हा विषय आईसमोर काढायचा नाही.

आता सगळीच पुस्तकं चांगली असतात असं नाही, काही लेखक उगाच चटकदार करायला तो प्रसंगच रंगवत बसतात, तसलं मलाही भिकार वाटतं. म्हणून आधी तू वाच, एका रात्रीत होतं. बघ की पुढे त्या मुलीचं काय होतं, तिचं कुणी ऐकतं का, का तिलाच गप्प बसवतात. मग रविवारी पोहे-जलेबी झाली की ओट्याशी भांडी पुसताना विषय काढ, समोर बसवून नको, तोंडाकडे बघत बसलं की पोरं बोलत नाहीत. "चुकलं माझं, मी पण वाचलं, तो मामेभाऊ मला पहिल्यापासूनच खटकला" एवढं म्हण आणि गप्प बस.

बहुतेक तिला फक्त गोष्टच आवडली असेल. पण समजा ती स्वतःचं काही बोलली, तर "नक्की ना?" असं दहादा विचारू नकोस आणि सासरी-माहेरी सल्लेही घेत बसू नकोस. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असं काही कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारकच आहे, माणूस घरातला असला तरी.

आणि हो, तिने पान दुमडून ठेवलं असेल तर ते सरळ करू नकोस, कुठवर आली होती ते तिला सापडू दे.