कडुनिंबाचा काढा आणि जिगरचं पाणी

प्रश्न : मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर आहे. मुलगी एम.एस्सी.ला आहे. तिने कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट घालून चांदीचे नॅनोकण तयार केले. मिथिलिन ब्ल्यूच्या पाण्यात ते आणि थोडं सोडियम बोरोहायड्राइड टाकलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी नितळ झालं. हे आमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या संयंत्रात, चालेल का? मालकांच्या कानावर घालावं म्हणतो.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुलीचं कौतुक आहेच, पण मालकांकडे जायची घाई करू नका.

तुम्ही इंडिगो हाताळला असेल. हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक सोडा टाकला की निळा रंग पिवळट-हिरवा होतो, आणि कापड हवेत आलं की पुन्हा निळा. रंग कुठे गेलेला नसतो. मुलीच्या बाटलीतही बऱ्याच अंशी हाच प्रकार आहे. बोरोहायड्राइड इलेक्ट्रॉन देतं, चांदीचे कण ते रंगापर्यंत झटपट पोचवतात आणि मिथिलिन ब्ल्यू बिनरंगी होतं. रेणू मोडलेला नाही. बोरोहायड्राइडचा जोर ओसरला की बाटली उघडून खळखळून हलवा. निळी झाक परतली तर समजा, रंग तिथेच होता. यंत्रावर ६६४ नॅनोमीटरचा (मिथिलिन ब्ल्यू सर्वांत जास्त प्रकाश शोषतं त्या तरंगलांबीचा) आकडा खाली आला एवढ्यावर ‘रंग नष्ट झाला’ असं लिहिलेलं मी पुष्कळ प्रबंधांत वाचलंय आणि दर वेळी चिडलोय.

कडुनिंबाने यात काय केलं? काढ्यातल्या पॉलिफेनॉलसारख्या द्रव्यांनी चांदीच्या क्षारातून धातूची चांदी काढली आणि कणांचे गठ्ठे होऊ दिले नाहीत. फिकट काढा तपकिरी झालेला तुम्ही पाहिला असेल, तो रंग या कणांचाच. खरंच सुंदर काम आहे. पण चांदी ती चांदीच. नेहमीच्या कृतीत लिटरभर द्रावणाला सुमारे १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट जातं. तुमच्या टाकीचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय चांदी जिवाणू मारते, आणि तुमच्या एरेशन टाकीचं, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीचं, सगळं काम जिवाणूंच्या जिवावर चालतं.

आता खरी अडचण. मिथिलिन ब्ल्यू हा धन प्रभाराचा रंग. तो ऋण प्रभाराच्या पृष्ठभागाला आपण होऊन चिकटतो, नुसत्या कडुनिंबाच्या पाल्याच्या भुकटीलासुद्धा. तुम्ही सुती कापडाला वापरता ते रिॲक्टिव्ह रंग उलटे, ऋण प्रभाराचे. त्यामुळे एकावरचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या. त्याच्या रेणूत दोन ॲझो बंध असतात. ते तुटले की काळेपणा जातो, पण तुकडे म्हणून ॲरोमॅटिक अमाइन पाण्यातच राहतात आणि त्यांतली काही विषारी असतात. डोळ्याला पाणी स्वच्छ, सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ व्हायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) मात्र फारसा हललेला नाही. गडद शेडला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ तुम्ही टाकता, ते कोणताही नॅनोकण काढणार नाही. त्याला सहसा आरओ आणि बाष्पीभवनच लागतं.

मग हे सगळं फुकट का? नाही. मी मुलीच्या जागी असतो तर चांदी सोडून लोखंडाकडे वळलो असतो. हिरडा आणि हिराकस (फेरस सल्फेट) एकत्र आले की काळी शाई होते, हे आपल्याकडे जुनंच. चहाच्या चोथ्याचा काढा हिराकसात घातला तरी तसंच काळं काहीतरी होतं. त्याला सर्रास ‘लोहाचे नॅनोकण’ म्हणतात, पण त्यात बराचसा भाग लोह आणि पॉलिफेनॉल यांच्या संयुगाचा असतो. नाव काहीही द्या, हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की त्यातलं लोह रंगाचा रेणू खरोखर फोडू शकतं. मात्र हे आम्ल पाण्यात, पीएच ३ च्या आसपास चांगलं चालतं, आणि तुमचं पाणी सोड्याने अल्कली. आम्ल घालायचं, मग चुन्याने वर आणायचं, वर लोहाचा गाळ. तो खर्च धरल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नका. सुटे कण पंचगंगेत जाऊ नयेत म्हणून ते बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) कोळशावर बसवता आले तर उत्तम.

तिला जिगरमधल्या, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रातल्या, पहिल्या धुण्याचं पाणी नेऊन द्या, मीठ, सोडा, सगळ्यासकट. एका बाटलीत नुसता काढा, एकीत नुसतं पेरॉक्साइड, एकीत कणांसह पेरॉक्साइड आणि एकीत बाजारातला साधा सक्रिय कोळसा. चारही बाटल्यांचा सीओडी आधी आणि नंतर तपासायचा, रंग तर बघायचाच. कणांची बाटली कोळशाच्या पुढे गेली, तर ते आकडे घेऊन मालकांकडे जा. मलाही पाठवा.