रात्री रस्त्यात कोणी हात केला तर थांबावं का?

तुमचा प्रश्न वाचला. रात्री एकट्याच गाडी चालवत होतात, बंद पडलेल्या गाडीजवळ एक माणूस दोन्ही हात हलवत उभा होता, तुम्ही स्पीड कमी केलात आणि मग तशाच पुढे निघून आलात. नवरा म्हणतो बरं केलंस. तुम्हाला मात्र चार दिवस झाले तरी तो माणूस डोळ्यासमोरून हलत नाहीये आणि तुम्ही विचारताय की थांबायला हवं होतं का.

माझं मत सांगते. गाडीतून उतरायला अजिबात नको होतं, तिथे नवरा बरोबर आहे. पण पाचशे मीटर पुढे जाऊन एक फोन करता आला असता, आणि तो केला असता तर आज हा प्रश्न टाकायची वेळ आली नसती असं मला वाटतं.

मी काही यातली तज्ज्ञ वगैरे नाही हं. कामामुळे रात्री उशिरा एकटीच गाडी चालवत घरी येते, पंधराएक वर्षं झाली असतील, त्यात तीन-चारदा थांबले, कितीतरी वेळा थांबले नाही. आणि एकदा तर भर दिवसा, माणसांच्या गर्दीत थांबले नाही, ते आधी सांगून टाकते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

स्टेशनच्या जिन्यावर एक पन्नाशीचा माणूस कठड्याला धरून बसला होता. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे कुठेतरी भलतीकडे, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बरळत होता. मी मनात म्हटलं सकाळी सकाळी टाकून आलाय, आणि त्याच्या पायावरून पाय उचलून खाली गेले. खाली जाऊन सहज मागे वळून बघितलं तर एक बाई त्याच्याशेजारी पायरीवर बसली होती आणि मोठ्याने विचारत होती, "दादा, शुगर आहे का तुम्हाला? गोळी घेतलीय का?" त्याने मान हलवली. तिने पर्समधून गोड ज्यूसचा छोटा पॅक काढून त्याच्या हातात दिला, म्हणजे अक्षरशः त्याची बोटं पॅकभोवती वळवून दिली. शुगर एकदम खाली गेली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो, हे मला माहीत होतं. माझ्या घरात डायबेटिस आहे! तरी मी पाय उचलून गेले, कारण मला ट्रेन गाठायची होती. (तो शुद्धीत होता आणि गिळू शकत होता म्हणून ज्यूस चाललं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नसतं.)

नंतर मी यावर जरा वाचलं, तेव्हा 1973 चा एक प्रयोग सापडला. प्रिन्स्टनमधे पाद्री व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींना भाषणाचा विषयच दिला होता बायबलमधली ती जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून पडलेला, खोकत, कण्हत. ज्यांना वेळ आहे असं सांगितलं होतं त्यातले 63 टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यातले 45 टक्के, आणि ज्यांना उशीर झालाय पळा असं सांगितलं होतं त्यातले फक्त 10 टक्के. भाषण कशावर आहे याने काही विशेष फरक पडला नाही. म्हणजे मदतीवर बोलायला निघालेला माणूस मदत मागणाऱ्याला ओलांडून गेला. हे वाचून मला बरंही वाटलं आणि वाईटही, बरं अशासाठी की मी फार दुष्ट नाही, वाईट अशासाठी की माझा चांगुलपणा ट्रेनच्या टाइमटेबलवर चालतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, मदत मागायचं नाटक करून लुटणारे असतात आणि रात्री एकट्या बाईने हा हिशोब करायलाच हवा, त्यात कुणी तुम्हाला भित्री म्हणत असेल तर त्याला म्हणावं तू जा. पण मी एक गोष्ट बघितलीय. खरंच अडकलेल्या माणसाला मदत हवी असते, तुम्ही हव्या असता असं नाही. मी काच दोन बोटं खाली करून, दारं लॉक, गिअर टाकलेला, एवढंच विचारते: "कुणाला फोन लावू?" एकदा एका कुटुंबाची गाडी बंद पडली होती, त्या बाईने आतून ओरडून नंबर सांगितला, मी तिच्या भावाला फोन लावला, झालं, दीड मिनिटात मी निघाले. दुसऱ्यांदा एकजण म्हणाला फोन नको मॅडम, तुम्ही जरा उतरून बघा ना, बायकोला बरं नाहीये मागच्या सीटवर. मी म्हटलं मग ॲम्ब्युलन्सच बोलावते. तर म्हणे नको नको, उतरा फक्त. मी निघून आले आणि पुढच्या टोल नाक्यावर सांगितलं. तो खरा होता की खोटा ते मला कधीच कळणार नाही आणि त्याचं मला ओझंही नाही, कारण आत कुणी आजारी असेलच तर तिच्यासाठी नाक्यावरून माणूस पाठवला गेला. निर्जन जागा असेल तर तेवढीही काच खाली करू नका, सरळ पुढे जाऊन उजेडात थांबा आणि इमर्जन्सीला फोन करून जागा सांगा. भारतात आणि युरोपियन युनियनमधे 112, अमेरिकेत 911. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पाटी लक्षात ठेवायची, कारण फोनवर पहिला प्रश्न येतो तो "कुठे?" आणि तिथेच सगळ्यांची गाडी अडते.

रात्री गाडीतून उतरले मी एकदाच. बाइकवरून पडलेला एक पोरगा होता, विशीतला, रस्त्याच्या कडेला उताणा. माझ्या आधी दहा-बाराजण जमले होते, त्यातले निम्मे मोबाईल वर धरून. मी गाडी थोडी पुढे नेऊन कडेला लावली, चारही इंडिकेटर चालू केले, आणि रस्त्याकडे पाठ न करता चालत आले, कारण अशा वेळी मागून येणारी गाडी मदत करणाऱ्यालाच उडवते. बाइक आडवी पडलेली, तिचा एक इंडिकेटर अजून टिकटिक करत होता, आणि तो पोरगा सारखा एकच विचारत होता, "गाडी बंद केली का? पेट्रोल गळतंय का?" मांडीतून रक्त येत होतं. एकजण त्याचं हेल्मेट ओढून काढायला बघत होता, त्याला थांबवलं. मानेला लागलेलं असू शकतं, श्वास नीट चालू आहे तोवर हेल्मेट आणि माणूस दोन्ही जिथल्या तिथे.

इथे मी जे केलं ते वाचलेलं होतं म्हणून केलं. "अरे कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडले नाही. एकाकडे बोट दाखवून म्हटलं, "निळा शर्ट, तुम्ही फोन लावा, लागला की मला सांगा." आणि दुसऱ्याला, "काका, तुम्ही मागे जाऊन गाड्यांना हात दाखवा, रस्त्यावर नको, कडेनेच." आणि काय सांगू, दोघंही लगेच हलले. इतका वेळ तीच माणसं पुतळ्यासारखी उभी होती. मी माझी ओढणी घडी करून त्याच्या मांडीवर दाबली आणि दाबूनच धरली, सारखं उचलून बघायचं नाही, रक्त थांबलं का म्हणून. हातात ग्लोव्हज नव्हते, प्लास्टिकची पिशवी घातली होती हाताला.

1968 मधे डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. इंटरकॉमवर बोलताना समोरच्याला फिट आल्याचा आवाज ऐकू येतो. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोकांनी तो आवाज बंद व्हायच्या आत जाऊन सांगितलं, आणखी चारजण ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के. बरं, म्हणून माणसं वाईटच असा निष्कर्ष काढू नका, कारण 2019 मधे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज बघून संशोधकांनी जे छापलं ते उलटं होतं, दहापैकी नऊ वेळा निदान एकजण तरी मधे पडलाच, आणि जितकी माणसं जास्त तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. मला दोन्ही पटतात. गर्दीत प्रत्येकजण थोडा थिजतो, पण एक हलला की बाकीचे हलतात. तो एक तुम्ही व्हायचं, बाकीचं काम वाटून द्यायचं.

काही जागी मात्र हिरोगिरी बिलकुल नको. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारे बरेचदा स्वतःच बुडतात, कारण तो माणूस घाबरून जे हाताला लागेल ते खाली दाबतो, मग ते तुमचं डोकं का असेना. काठी पुढे करा, दोरी, टायर, रिकामा कॅन फेका, पाण्यात जाऊ नका. तुटलेली वीजवाहिनी पडली असेल तर सप्लाय बंद झाल्याचं कळेपर्यंत जवळही नाही. आणि टाकी, विहीर, गटार यात उतरून कुणी बेशुद्ध पडला असेल तर त्याच्यामागे उतरायचं नाही, एकामागून एक तीन-तीन, चार-चार माणसं अशीच गेलीयत. अशा जागी साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यासारखा वास असतो म्हणतात, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली.

उलट एका ठिकाणी फोन करून नुसतं बघत उभं राहणं पुरत नाही. कुणी अचानक कोसळलं, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. यालाच सीपीआर म्हणतात. सीपीआरशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसलं तर काही उरत नाही. फोन स्पीकरवर ठेवला तर बऱ्याच ठिकाणी पलीकडचा माणूस कसं करायचं ते सांगत राहतो.

पोलीस-कोर्टाची भीती तुम्ही लिहिली नाहीये पण कमेंटमधे कुणीतरी काढणारच. भारतात 2016 मधे सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, चांगल्या हेतूने अपघातग्रस्ताला मदत करताना काही चुकलं तरी तुमच्यावर केस होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. चीनमधे 2006 साली नानजिंगच्या एका तरुणाने पडलेल्या म्हातारीला दवाखान्यात नेलं आणि तिने त्याच्यावरच दावा लावला, त्यानंतर तिथे लोक पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरायला लागले, शेवटी 2017 मधे त्यांनाही संरक्षणाचा कायदा करावा लागला. जर्मनीत तर उलट आहे, मदत न करणं हाच गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. पण गंमत बघा, तिथला कायदासुद्धा म्हणतो की स्वतःला मोठा धोका नसेल तरच. म्हणजे तुमच्या त्या रात्री जर्मन कायद्यानेही तुम्हाला खाली उतर म्हटलं नसतं, फोन कर मात्र नक्की म्हटलं असतं.

आणि मिळतं काय? थँक्यू तर फारसं मिळत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. त्या पोराला ॲम्ब्युलन्समधे चढवलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बाइकची चावी शोधत होता. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. घरी आल्यावर हात इतके थरथरत होते की कुलपाला किल्ली लागेना, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. फसवलीही गेलेय, "पाकीट मारलं गेलं, मुलीला ताप आहे, घरी जायला पैसे नाहीत" म्हणणाऱ्या एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाला पैसे दिले आणि महिन्याने तोच माणूस, तेच पाकीट, तोच मुलीचा ताप. मला राग आला, मग हसू आलं, त्याने डायलॉगसुद्धा बदलला नव्हता हो. आता मी पैसे देत नाही, तिकीट काढून देते.

पण 2022 मधे झाओ आणि एप्ली यांचा एक अभ्यास आला होता, त्यात मदत मागणाऱ्यांना वाटत होतं की आपण समोरच्याला त्रास देतोय, प्रत्यक्षात मदत करणारे त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त तयार होते आणि मदत केल्यावर जास्त खुशही होते. माझ्याबाबतीत तरी हे खरं आहे. स्टेशनचा तो जिना आठवला की अजून कसंतरी होतं, आणि रक्ताने खराब झालेली ओढणी गेली त्याचं मला कधीच वाटलं नाही.

तुम्ही आता त्या माणसासाठी काही करू शकत नाही, बहुतेक त्याला दुसऱ्या कुणीतरी मदत केलीही असेल. गाडीत मात्र चार गोष्टी आजच टाका: रिफ्लेक्टर त्रिकोण, जाड स्वच्छ कापड, ग्लोव्हज आणि टॉर्च. टॉर्च वेगळाच घ्या, मोबाईलमधे आहे की म्हणून टाळू नका. बाइकच्या अपघाताच्या त्या रात्री निळ्या शर्टवाल्याने मोबाईल कानाला लावला आणि जखमेवरचा त्याच्या टॉर्चचा उजेड त्याच्या कानशिलाला जाऊन चिकटला, मग मी अंधारात चाचपडत जखम शोधत होते.