वाचक विचारतात : फोनचा सिरियल नंबर सापडतो कुठे, लागतो कशाला?

गणपतीच्या गर्दीत फोन गेले की आणि दिवाळीत नवे फोन आले की या विषयावरची पत्रं वाढतात. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

सर्व्हिस सेंटरने सिरियल नंबर विचारला. मी *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी नंबर सांगितला, तर ते म्हणतात हा नाही. मग तो कुठला? (कोथरूड)

तुम्ही सांगितलात तो आयएमईआय. हे दोन नंबर वेगळे आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. सिरियल नंबर कंपनी देते आणि तो तुमच्यात व कंपनीत चालतो : वॉरंटी, दुरुस्तीची नोंद, स्क्रीनचा विमा, कंपनीने परत मागवलेल्या मालाची तपासणी. आयएमईआय मोबाईल नेटवर्कसाठी असतो. फोन चोरीला गेला की पोलीस आणि दूरसंचार खातं तोच मागतात. आयएमईआयमध्ये फक्त आकडे असतात, नेमके १५. सिरियल नंबरात बहुधा अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात आणि लांबी कंपनीगणिक बदलते. सॅमसंगचा साधारण ११ जागांचा, आयफोनचा पूर्वी १२ जागांचा होता, २०२१ पासूनच्या नव्या मॉडेलांवर बहुधा १० जागांचा असतो.

आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. तिथे सिरियल नंबरवर बोट दाबून धरलं की कॉपी करता येतो. सॅमसंगवर सेटिंग्जच्या तळाशी अबाउट फोन उघडताच तो समोर दिसतो. इतर अँड्रॉइड फोनवर अबाउट फोनच्या आत स्टेटस, मॉडेल किंवा ऑल स्पेक्स अशा नावाखाली एक पायरी खाली जावं लागतं. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सिरियल’ हा शब्द इंग्रजीत टाका. नंबर दाखवणारी वेगळी ॲप्स उतरवू नका. अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला हे दोन्ही नंबर वाचताच येत नाहीत, त्यामुळे ती जे दाखवतात ते भलतंच काही असू शकतं.

फोनवरून नंबर सांगताना शून्य आणि ‘ओ’, आठ आणि ‘बी’ यांची गल्लत हमखास होते. ॲपलच्या सिरियल नंबरात ‘ओ’ हे अक्षर वापरत नाहीत. दिसतं ते शून्यच. शक्यतो नंबर तोंडी न सांगता कॉपी करून पाठवा.

*#०६# दाबल्यावर चार-पाच नंबर येतात. यातला खरा कुठला? (हडपसर)

सगळेच खरे. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, प्रत्येक सिमच्या जागेसाठी एक. ३२ आकडी नंबर ईआयडी, तो ई-सिमचा. १४ जागांचा एमईआयडी, म्हणजे जुन्या सीडीएमए नेटवर्कसाठीचा नंबर, दिसला तर सोडून द्या. एसएन लिहिलेला असेल तर तो सिरियल नंबर. तो सगळ्याच फोनवर इथे येत नाही. काही फोन आयएमईआयपुढे तिरकी रेघ देऊन ‘०१’ असे दोन आकडे दाखवतात. ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे असतात, अर्जात भरायचे नाहीत.

फोन सुरूच होत नाही आणि खोकं रद्दीत गेलं. वॉरंटी आहे, पण नंबर नाही. (नाना पेठ)

आधी बिल शोधा. ऑनलाइन घेतला असेल तर त्या खात्यातल्या जुन्या ऑर्डरमधून बिल पुन्हा उतरवता येतं, आणि त्यावर बहुधा आयएमईआय किंवा सिरियल नंबर छापलेला असतो. दुकानातून घेतला असेल तर खरेदीची तारीख आणि तेव्हा दिलेला मोबाईल नंबर घेऊन जा. बिल कॉम्प्युटरवर केलेलं असेल तर दुकानदाराला ते पुन्हा काढून देता येतं. हप्त्यावर घेतला असेल तर कर्जाच्या कागदांवरही बहुधा नंबर असतो.

तेही नसेल तर खात्यातून मिळतो. आयफोनसाठी कुठल्याही कॉम्प्युटरवर ॲपल खात्यात शिरा आणि डिव्हायसेसमध्ये तुमचा फोन निवडा. सिरियल आणि आयएमईआय दोन्ही दिसतील. अँड्रॉइडसाठी गुगलच्या ‘फाइंड हब’वर जाऊन फोनच्या नावाशेजारचं ‘आय’ चिन्ह दाबा. तिथे आयएमईआय मिळतो. फुटलेल्या स्क्रीनचा आयफोन आतून जिवंत असेल आणि त्या कॉम्प्युटरला पूर्वी ‘ट्रस्ट’ केलेलं असेल, तर केबल लावून मॅकच्या फाइंडरमध्ये किंवा विंडोजवरच्या ॲपल डिव्हायसेस ॲपमध्ये नंबर दिसतो. आयफोनच्या अनेक मॉडेलांच्या सिम ट्रेवर आयएमईआय बारीक अक्षरांत कोरलेला असतो. भिंग किंवा दुसऱ्या फोनचा कॅमेरा लागेल.

स्वारगेटहून निगडीला जाताना बसमध्ये फोन चोरीला गेला. तक्रार कुठे करायची आणि कुठला नंबर द्यायचा? (निगडी)

पहिलं काम पोलीस चौकीचं नाही. दुसऱ्या फोनवरून ‘फाइंड हब’ किंवा आयफोनसाठी ॲपलचं ‘फाइंड माय’ उघडून फोन लॉक करा, सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. आयफोन असेल तर तो खात्यातून काढून टाकू नका. काढला की ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे दुसऱ्याला फोन वापरू न देणारं कुलूप, सुटतं आणि चोराचं काम सोपं होतं.

मग तक्रार. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून पुण्याहून वेगळं आहे, त्यामुळे ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर या मार्गावर ऐकू येऊ शकतं. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यायची तरतूद आहे. चोरी हा तसा गुन्हा आहे. ठामपणे पण शांतपणे तेवढं सांगा. आणि चोरी झाली असेल तर ‘गहाळ’ असं लिहून देऊ नका. फोनचा विमा असेल तर चोरीच्या दाव्याला एफआयआर मागतात, गहाळ झाल्याचा दाखला तिथे सहसा चालत नाही.

त्यानंतर त्याच नंबरचं नवं सिम घ्या. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागतात आणि पुढच्या अर्जाला ओटीपी लागतो, म्हणून सिमला उशीर करू नका.

अर्ज दूरसंचार खात्याच्या सीईआयआर या नोंदवहीत करायचा. ‘संचार साथी’ पोर्टलवरून किंवा ॲपमधून तिथे जाता येतं. महाराष्ट्रात ही सोय सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, देशभर मे २०२३ मध्ये. लागतं ते असं : मोबाईल नंबर, आयएमईआय, कंपनी आणि मॉडेल, हरवल्याची जागा व तारीख, पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक आणि तिची प्रत, ओळखपत्र, खरेदीचं बिल. सिरियल नंबर इथे विचारतच नाहीत. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही आयएमईआय भरा. एकच भरला तर दुसऱ्या जागेचा नंबर मोकळा राहतो.

अर्ज केल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. साधारण २४ तासांत फोन भारतातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. वायफायवर मात्र तो चालू राहू शकतो, म्हणून पहिलं लॉक महत्त्वाचं. फोन परत मिळाला तर आधी पोलिसांना कळवा, मग त्याच आयडीने अनब्लॉकचा अर्ज करा. ते राहिलं तर हातात आलेल्या फोनवर नेटवर्क येत नाही आणि लोक उगाच दुरुस्तीला नेतात.

बिलावर आयएमईआय हाताने लिहिला आहे. एखादा आकडा चुकला असेल तर कळायचं कसं? (धायरी)

कळतं, कारण पंधरावा आकडा पहिल्या चौदांवरून काढलेला असतो. नमुन्यादाखल नेहमी दिला जाणारा ४९०१५४२०३२३७५१८ हा नंबर घ्या. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे आकडे चौदाव्यापर्यंत दुप्पट करा : १८, २, ८, ०, ४, १४, २. दोन आकडी उत्तराचे आकडे मिळवा, म्हणजे १८ चे ९ आणि १४ चे ५. बेरीज ३०. उरलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५ मिळून २२. एकूण ५२. पुढच्या दशकाला, म्हणजे ६० ला, ८ कमी पडतात, आणि शेवटचा आकडा ८ च आहे. तुमच्या नंबरचं उत्तर जुळलं नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे. कुठला आकडा चुकला हे मात्र यातून कळत नाही. दुकानदाराकडून शिक्क्यासह दुरुस्त बिल घ्या, कारण अर्ज करताना हेच बिल जोडायचं आहे.

तपकीर गल्लीच्या आसपास जुना फोन घ्यायचा आहे. नंबरावरून काय तपासू? (सदाशिव पेठ)

पैसे देण्याआधी चार ठिकाणचे आयएमईआय जुळवा : *#०६#, सेटिंग्ज, खोक्यावरचं स्टिकर, बिल. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर फोन घेऊ नका, असं दूरसंचार खातंच सांगतं. कंपनी आणि मॉडेल तुमच्या हातातल्या फोनचंच येतं का, तेही पाहा. स्वस्त आहे म्हणून ‘नंबर बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार हा गुन्हा आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आयफोन असेल तर सिरियल नंबर ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. अबाउटमधल्या मॉडेल नंबरचं पहिलं अक्षरही पाहा. ‘एम’ म्हणजे नवा विकलेला, ‘एफ’ कंपनीने दुरुस्त करून विकलेला, ‘एन’ बदली दिलेला. ‘एन’ असूनही विकणारा ‘सीलपॅक घेतला होता’ म्हणत असेल तर बदलीचा कागद मागा.

मदरबोर्ड बदलल्यावर खोक्यावरचा नंबर आणि फोनमधला नंबर जुळत नाही. (औंध)

बोर्डाबरोबर आयएमईआय बदलतो, आयफोन पूर्ण बदलून दिला तर सिरियलही. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, जुना आणि नवा असे दोन्ही नंबर लिहून घ्या आणि ती बिलाला टाचून ठेवा. पुढे फोन विकताना किंवा चोरीला गेल्यावर हाच एक पुरावा असतो.

हे नंबर कुणाला दिले तर धोका आहे का? (विमाननगर)

फोनची कंपनी, पोलीस, दूरसंचार खातं आणि विमा कंपनी सोडून कुणाला देऊ नका. जुना फोन विकायला टाकताना खोक्याच्या फोटोतलं स्टिकर झाका. आयएमईआय दुसऱ्या फोनवर चढवणारे तिथूनच नंबर उचलू शकतात. तुमच्यासाठी मात्र त्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ईमेलवर पाठवून ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही. फक्त त्याच फोनच्या गॅलरीत ठेवलेला फोटो फोनबरोबरच जातो.