चौकातल्या झेब्रा क्रॉसिंगसाठी किंवा फुटपाथसाठी अर्ज करण्याआधी

भाऊ, आधी रस्ता कोणाचा ते बघा. जळगाव-धुळ्यात गल्लीचा रस्ता महापालिकेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचा, राष्ट्रीय महामार्गाचं खातं वेगळं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो, आणि तेवढे दिवस पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात.

महापालिकेचं अंदाजपत्रक ३१ मार्चआधी मंजूर होतं, म्हणून मागणी डिसेंबरातच द्या. "फुटपाथ करा" एवढं मोघम लिहू नका. कुठून कुठे, किती मीटर, हे टेप लावून मोजा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषात फुटपाथची चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे. डीपी (विजेची पेटी), खांब यांनी अडवलेली जागा मोजलेल्या रुंदीतून वजा करा. शाळा सुटतानाची माणसं सलग तीन दिवस मोजा. अर्जाची पोहोच घ्याच. अपघाताची जागा असेल तर प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या.